अण्णांचा निळा

"त्यांच्या निळ्यावर नजर ठेव गं. आणि त्यांना कळू देऊ नकोस."

सासूबाईंचा तो आवाज सुनेच्या कानात अजून तसाच आहे. उशीतून आलेला, कोरडा, शेवटच्या शब्दाशी तुटलेला. खिडकीत औषधाच्या बाटल्या होत्या, आणि दाराबाहेर अण्णा एका गिऱ्हाइकाशी फोनवर चित्राच्या मापावरून हुज्जत घालत होते. सुनेनं मान हलवली. जाणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? आपण कशाला हो म्हटलं ते तिला नंतर कळलं. सासूबाई गेल्यावर ती पहिल्यांदा पहाटे एकटी माडीवरच्या खोलीत गेली आणि अण्णांनी आदल्या संध्याकाळी रंगवलेला शेला तिनं उजेडात पाहिला, तेव्हा.

शेला म्हणजे त्या आईचा शेला. शेकडो वर्षांपूर्वी परदेशातल्या चर्चांसाठी थोर चित्रकारांनी काढलेल्या त्या सगळ्या आया. मांडीवर गुटगुटीत बाळ, मान किंचित कललेली, आणि डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून गुडघ्यांवर ओघळणारं ते निळं वस्त्र. त्याचं खरं नाव काय असेल ते असो, या घरात त्याला शेला म्हणत.

घर त्या चित्रांवरच चाललेलं. लोकांना ती आपल्या भिंतीवर हवी असत, हुबेहूब आणि हातानं रंगवलेली. छापील नको, जवळ गेलं की ब्रशची रेघ दिसली पाहिजे. मूळ चित्र तर कुणाच्या बापाला घरी आणता येत नाही. मग लोक टेप घेऊन माडीचा जिना चढून येत. एक बाई म्हणाल्या, "तो उजवीकडचा देवदूत जरा आत सरकवाल का? तिथे आमचा स्विचबोर्ड येतो." एक गृहस्थ सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आले, शेला त्याला जुळला पाहिजे म्हणून. अण्णांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे परत दिला. "साहेब, सोफा बदला."

आणि गंमत अशी की साहेबांनी बदलला. कारण आणखी कुठे मिळणार नाही असा अण्णांचा निळा. तसा निळा दुसऱ्या कुणाला साधत नाही, असं लोक एकमेकांना सांगत. खोल, पण काळोखा नाही. घडीच्या उंचवट्यावर पहाटेसारखा उजळणारा, आणि घडीच्या पोटात विहिरीसारखा शांत.

कामाची वाटणी ठरलेली होती. चेहरे, हात आणि बाळ सुनेकडे. झाडं, डोंगर, फरशी दोघांत जमेल तशी. निळा मात्र अण्णांचा. खाली पडवीत अण्णांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, चौकटी ठोकत असे. त्याच्या हातोडीचा ठेका धरून माडीवरचे ब्रश चालत.

चेहरे ती उलटे रंगवी. नमुन्याचं छापील चित्र भिंतीला डोकं खाली, पाय वर असं लावायचं आणि कॅनव्हासही तसाच उलटा. उलट्या चेहऱ्यात माणूस दिसत नाही, नुसत्या सावल्या दिसतात, आणि त्या जशा आहेत तशा उतरवता येतात. सरळ ठेवला, की हात आपल्या ओळखीचं नाक काढून मोकळा होतो. हे तिला अण्णांनीच शिकवलं. लग्न होऊन आली तोवर तिनं माहेरच्या फाटकाशिवाय काही रंगवलं नव्हतं. "फाटक रंगवलंस ना? मग रेघ सरळ येत असेल," अण्णा म्हणाले होते, आणि हातात ब्रश दिला होता. घरात पाऊल टाकलेल्या नव्या मुलीला कुणी काय देतं, कुणी काय. तिला ब्रश मिळाला. ती तो कधी विसरली नाही.

निळ्यासाठी मात्र अण्णा नमुन्याकडे बघतच नसत. "हल्ली छापणारे निळा मेलेला छापतात," ते म्हणत. "खरा निळा इथे आहे." आणि कपाळावर बोट टेकवत.

घोळ तिथेच होता. कपाळातला निळा शाबूत होता, डोळाच पिवळा पडत चालला होता. चहाच्या रंगाच्या काचेतून पाहावं तसं त्यांना सगळं दिसत असावं. कपाळातला निळा कॅनव्हासवर दिसेना, की ते त्यात आणखी निळा घालत, त्यात जांभळा, मग पुन्हा निळा. शेवटी त्यांना तो बरोबर दिसे, तेव्हा बाकीच्या जगाला तिथे शाईची दौत लवंडलेली दिसे. घड्या बुडालेल्या. गुडघा कुठे, कोपर कुठे, पत्ता नाही. आई आपली शाईच्या डबक्यात बाळ घेऊन बसलेली.

पहिल्या पहाटे सून त्या डबक्यासमोर उभी राहिली. मग तिला सासूबाईंची गुणगुण आठवली. ही बाई पहाटे माडीवर जायची. "ब्रश धुते," म्हणायची. वरून बारीक आवाज यायचा:

पहाटेच्या गं प्रहरी, कोण घासते आभाळ
धनी निजला घरात, त्याची राखते सकाळ

सुनेला वाटायचं, झाडताना काहीतरी जुनं म्हणत असतील. त्या पहाटे तिनं कोनाड्यातली सासूबाईंची चिंधी उचलली. ती निळी कडक झालेली होती. ती टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि घासायला घेतलं.

तेलाचा रंग रात्रीत वाळत नाही, हीच काय ती कृपा. शाई पुसायची, घड्यांच्या सावल्यांचा खालचा राखी थर दुखवायचा नाही, मग जवसाच्या तेलात विरघळवलेला निळा पातळ हातानं पसरायचा. नमुना शेजारी धरून. अण्णांसारखा कपाळातून नाही. संध्याकाळी अण्णा येऊन बघत आणि म्हणत, "बघ, रात्रीत बसतो हा निळा. मेला टिकतच नाही." मग ते त्यावर आणखी एक दणदणीत हात देत. पहाटे ती तो काढी. ती काढी म्हणून ते जास्त घालत, ते जास्त घालत म्हणून तिला जास्त काढावं लागे. असं ते जातं दोघांनी मिळून फिरवलं, वर्षानुवर्षं, एकानं दुसऱ्याला न सांगता.

तिच्या खांद्यात आता एक जागा कायमची दुखरी होती. नखांच्या कडेला निळं इतकं मुरलेलं, की कणीक मळतानाही नवरा थट्टा करी, "पोळीला आकाश लागलं बघ."

"अगं, पण एवढ्या पहाटे करतेस काय वर?" त्यानं एकदा विचारलं.

"चेहऱ्याला सकाळचा उजेड बरा असतो."

"मग माझ्याही चेहऱ्याकडे बघ कधी सकाळच्या उजेडात."

"पाहिलाय. दाढी कर."

तो हसला आणि कूस बदलून झोपला. तिला त्याच्या त्या झोपेचा हेवा वाटला. आता दिवसभर उलटे चेहरे करताना तिला मध्येच भिंतीवरचे ओठ, पापण्या, हनुवट्या सगळं एकात एक मिसळलेलं दिसे. जेवण झाल्यावर ती भांड्यांच्या ढिगाकडे पाहत नुसती उभी राहायची, पहिलं भांडं उचलायचं कसं हेच सुचेनासं होऊन.

सांगून टाकायचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. रस्त्यापलीकडचा चष्मेवाला अण्णांचा जुना मित्र. एकदा सुनेच्या देखत चहा पिता पिता तो अण्णांच्या डोळ्यांत वाकून म्हणाला, "अण्णा, मोतीबिंदू पिकलाय की रे तुझा! काढून टाक. सकाळी जायचं, दुपारी घरी."

अण्णांनी कप खाली ठेवला. "माझा डोळा माझ्यापेक्षा तुला जास्त कळतो?"

"अरे, माझा धंदाच तो."

"मग धंद्याच्या जागी कर."

त्यानंतर अण्णा माडीवर आले आणि ब्रश न धुता नुसते बसून राहिले. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "डोळा गेला म्हणजे मी गेलो, सूनबाई. मग ताट कुणापुढे वाढशील?" तो दिवस आणि पुढचे काही दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. पुढे ते पुन्हा रंगवायला लागले, पण रस्त्यापलीकडचा चहा बंद झाला तो झालाच. सुनेनं ते पाहिलं, आणि आलेला शब्द गिळला. ती रोज तो गिळत आली.

चित्र पुरं झालं की अण्णांची एक रीत होती. ते चित्राकडे पाठ करून उभे राहत आणि हातभर आरसा समोर धरून खांद्यावरून मागचं चित्र पाहत. आरशात चित्र उजव्याचं डावं होतं, आणि रोज बघून डोळ्यानं माफ केलेल्या चुका एकदम उघड्या पडतात. वाकडी हनुवटी, तुटका अंगठा, घसरलेला खांदा, सगळं. आरसा आकार पकडतो. रंगाचं तो काही बोलत नाही. आरशात पाहत अण्णा तिला विचारत, "बोल, सूनबाई." ती चित्राशेजारी उभी असे. ती म्हणे, "चालेल, अण्णा." मग दुसऱ्या पहाटे ती शेवटचं पुसणं पुसे, शेवटचा हात देई, वाळू देई, आणि मगच नवरा वर येऊन चौकट बसवी. म्हणजे अण्णांनी पुरं केलेलं चित्र त्या घरातून कधी बाहेर गेलंच नाही.

आणि मग अण्णांच्या मुलीनं, म्हणजे तिच्या नणंदेनं, नवं घर घेतलं.

ताई माडीवर आल्या त्या बोलतच. "अण्णा, दारातून आत आलं की समोरची भिंत आहे ना, तिथे तुमची आई-बाळ हवी. तो तुमचा निळा हवा. सासरची सगळी तोंडात बोट घालतील असा!" मग भावजयीकडे वळून, हात धरून, "वहिनी, तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. तुझे चेहरे गोडच असतात. पण हे माहेरचं आहे ना, म्हणून म्हटलं, सगळंच अण्णांच्या हातचं असावं."

"वाईट कसलं, ताई," सून म्हणाली. "तेवढीच मला सुट्टी."

"बघा, कशी टाळतेय!" ताई हसल्या.

अण्णा मात्र हसले नाहीत. कुणी बऱ्याच दिवसांनी नावानं हाक मारावी तसे ते ताठ झाले. "माझ्या एकट्याच्या हातचं," ते म्हणाले. "याला कुणी ब्रश लावायचा नाही. शेवटचं मोठं काम म्हणून करतो."

त्यांनी कॅनव्हास टेकवायचा ईझल उचलायला लावला आणि मागच्या, आपल्या निजायच्या खोलीत नेला. दार लोटलं. संध्याकाळी रंगवायचं, आणि रात्री त्याच खोलीत झोपायचं.

पहिल्या पहाटे सुनेला नेहमीप्रमाणे जाग आली. करायला काही नव्हतं. ती स्वयंपाकघरात चहा घेऊन बसली. अंगाला झोप हवी होती, आणि अंग झोपेना. वरच्या दारामागून जवसाच्या तेलाचा वास येत होता. पुढचे दिवसही तसेच गेले. दार उघडायचं नाही, पण दारामागे काय चाललंय ते तिला न बघता दिसत होतं. आज राखी थर. आज पहिला निळा. उद्या तो बसलेला नसणार, कारण तो पुसणारं कुणी नाही. तरी सवयीनं ते त्यावर दुसरा हात देणार. ब्रश काचेच्या भांड्यावर टकटक वाजे. अण्णा आत गुणगुणत होते. पुष्कळ वर्षांत ते कधी गुणगुणले नव्हते.

एका दुपारी ते जेवायला आले तेव्हा त्यांच्या भुवईवर निळा ठिपका होता. "यंदा बसत नाही बघ निळा," ते आनंदानं म्हणाले. "इतके दिवस त्या खोलीचीच हवा वाईट असणार."

सुनेनं घास तोंडात तसाच धरला.

ताई ज्या दिवशी सासरच्यांना घेऊन चित्र न्यायला येणार होत्या, त्या सकाळी अण्णांनी स्वतः ईझल ओढत पुढच्या खोलीत आणला. आधी मुलगा वर आला, खांद्यावर चौकट घेऊन. सोनेरी मुलाम्याची, कोपऱ्यांवर वेलबुट्टीची, बहिणीसाठी म्हणून त्यानं मनापासून केलेली.

"अण्णा, बघू तरी," तो म्हणाला आणि पाहिलं.

चेहरा असा होता की सून नकळत एक पाऊल पुढे सरकली. तिच्या कुठल्याच चेहऱ्याला इतकी शांत पापणी साधली नव्हती. बाळाची मूठ आईच्या बोटाभोवती अशी वळलेली, की बोटाला ऊब लागत असेल. अण्णांचा हात तसूभर हलला नव्हता. आणि त्या चेहऱ्याखाली, गळ्यापासून पायापर्यंत, शाई. जांभळी, ओरडणारी, सपाट. उन्हात तर ती अंगावर येत होती.

मुलगा दोन पावलं मागे सरला. त्यानं चित्राकडे पाहिलं. बायकोच्या नखांकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे. त्याच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उलगडत गेलं, आणि मग पहाटेच्या इतक्या सगळ्या झोपा एकदम आठवल्यासारखा तो ओशाळला.

"मी... खिळे खाली राहिले," तो म्हणाला. "आणतो." आणि चौकट भिंतीला टेकवून जिना उतरून गेला. खिळे त्याच्या शर्टाच्या खिशात होते. सुनेला ते वरून दिसत होते.

आता खोलीत दोघंच.

संध्याकाळी ताई येतील. त्या मनानं वाईट नाहीत, पण जिभेला लगाम नाही. दारातच म्हणतील, "अण्णा, हे काय केलंत?" सासरची माणसं मागे उभी असतील. कुणीतरी हसू दाबेल. आणि मग अण्णा तळवे वर करून बसतील, सगळ्यांच्या देखत. की ताईही गिळतील तो शब्द, चित्र घरी नेतील, आणि कुठेतरी आतल्या खोलीत, कपाटाआड लावतील? मग अण्णा कधी लेकीकडे जातील, आणि दारासमोरची भिंत रिकामी बघतील. यातलं जास्त वाईट काय ते तिला ठरवता येईना. ठरवायलाही अंगात जोर लागतो.

चिंधी कोनाड्यात होती. रंग ओला होता. अण्णा दुपारी झोपले की पुसून होईल, संध्याकाळपर्यंत पातळ हात देऊन होईल. हात सवयीनं कोनाड्याकडे गेला. खांद्यातली ती जागा ठणकली, आणि हात तसाच खाली आला.

अण्णांनी आरसा घेतला. चित्राकडे पाठ केली. आरसा समोर धरला, थोडा तिरका केला, खांद्यावरून मागे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते: हनुवटी ठीक, अंगठा ठीक, खांदा ठीक. मग आरसा किंचित फिरला, आणि त्यात चित्राच्या शेजारी उभी असलेली सून आली. थकलेली, केस विस्कटलेले, हात लोंबते सोडलेले.

"बोल, सूनबाई."

तिनं विस्कटलेले केस कानामागे सारले.

"चालेल ना?"

आरशातून त्यांचे डोळे तिच्याकडे लागले होते. धुरकट, पिवळसर, आणि एखाद्या पोराचे असावेत इतके आशेचे. तिच्या मनात सासूबाईंची उशी आली, तो कोरडा आवाज आला. कळू देऊ नकोस. आई, तिनं मनातल्या मनात म्हटलं, तुम्ही गेलात आणि सुटलात. मी कुठे जाऊ?

"गप्प का गं?" अण्णांनी आरसा खाली घेतला नाही. "हनुवटी वाकडी आहे का?"

"नाही. चेहरा असा मला जन्मात जमणार नाही, अण्णा."

"मग?"

ती दोन पावलं पुढे आली. त्यांच्या हातातून आरसा काढून घेतला आणि खिडकीत पालथा ठेवला. त्यांचा खांदा धरून त्यांना चित्राकडे वळवलं, लहान मुलाला वळवावं तसं. हात सोडला नाही.

"अण्णा, हा निळा नाही," ती म्हणाली. "तुम्हाला निळा दिसत नाहीये. आई होत्या तेव्हापासूनच दिसत नाहीये. आधी त्या पहाटे पुसायच्या, मग मी पुसत आले. लोक ज्याला अण्णांचा निळा म्हणतात, तो माझा आहे. डोळ्याचं ते सकाळी जाऊन दुपारी घरी यायचं काम आहे, मी येते तुमच्याबरोबर, रस्ता ओलांडून चष्मेवाल्याकडे आपण दोघं जाऊ. पण उद्या पहाटे मी उठणार नाही, अण्णा. मी फार थकले आहे."